‘शिकण्यापुरता’ ट्रम्पेट

मुलाने किंवा मुलीने ट्रम्पेट शिकायचे म्हटले की घरात एक वाक्य ठरलेले असते : “आत्ता शिकण्यापुरता एखादा साधा घेऊ, वाजवायला लागला की चांगला बघू.” पालक हे म्हणतात, वाद्ये विकणारे म्हणतात आणि वाईट याचे वाटते की काही शिकवणारेही म्हणतात. वाक्य इतके समंजस आहे की त्याला हरकत घ्यायचे कुणाच्या मनात येत नाही. त्यात काटकसर आहे, सावधपणा आहे, मुलांच्या धरसोडीचा अनुभवही आहे. तरीही ते चूक आहे असे मला वाटते, आणि ही चूक लहान नाही. पितळी वाद्यांपुरते बोलायचे तर शिकणाऱ्याला मुरलेल्या वादकापेक्षाही अधिक नेमके, अधिक आज्ञाधारक वाद्य लागते. हाती पैसे मोजके असतील तर असे वाद्य नव्या, चकचकीत, बिननावाच्या मालात सापडत नाही. ते सापडते नामांकित कारखान्यांनी विद्यार्थ्यांसाठीच घडवलेल्या आणि आधी कुणीतरी वापरलेल्या वाद्यांत. एवढेच मला सिद्ध करायचे आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा वादाचा अधर्म आहे, म्हणून तो आधी पुरता मांडतो. प्रतिपक्ष म्हणतो : नवशिक्याच्या फुंकेत अजून दमच नसतो; त्याच्या हाती दहा-बारा हजारांचा ट्रम्पेट द्या किंवा त्याच्या कितीतरी पट किमतीचा द्या, निघणारा आवाज सारखाच. फरक कळण्याइतका कान तयार होईपर्यंत महाग वाद्य वाया जाते. दुसरे, दहातली बरीच मुले वर्षा-दोन वर्षांत सोडून देतात. मग जितके कमी गुंतवले तितके बरे. तिसरे, जुने वाद्य म्हणजे दुसऱ्याची कटकट. नव्याला निदान हमी असते. आणि शेवटचे, जे ऐकताना खरोखर पटते : आपल्याकडचे मोठमोठे वादक कुठे महागड्या वाद्यांवर शिकले? मिळेल ते तोंडाला लावले आणि नाव काढले.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि न्यायशास्त्राच्या भाषेत तो ‘असिद्ध’ आहे. ज्या गोष्टीला हेतू म्हणून पुढे केले, तीच मुळात नाही.

ट्रम्पेटमध्ये आवाज पितळ करत नाही, ओठ करतात. माऊथपीसमध्ये मिटलेल्या ओठांतून हवा सुटते, ओठ थरथरतात, आणि नळीतला हवेचा स्तंभ त्या थरथरीला प्रतिसाद देतो. नळीत उभी राहिलेली लहर परत फिरून ओठांवर येते आणि त्यांना त्याच गतीने थरथरत ठेवते. म्हणजे ओठ आणि नळी यांच्यात सतत देवाणघेवाण चाललेली असते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देवाणघेवाणीचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे संगीतध्वनिशास्त्रावरचे मोठे पुस्तक १९७६ साली निघाले. त्याच्या विवेचनाचा गाभा असा : नळीचे निरनिराळे अनुनाद एकमेकांशी नीट जुळलेले असतील तर ते सगळे मिळून एकाच स्वराला आधार देतात. मग स्वर ‘बसतो’, वादकाच्या ओठांना जणू हात देऊन जागेवर ठेवतो. नळीचा आकार बिघडलेला असेल, जोडातून किंवा व्हॉल्व्हमधून हवा झिरपत असेल, तर हा आधार विस्कटतो. स्वर लागतो, पण डळमळतो, आणि तो सांभाळायचे सगळे काम ओठांवर येऊन पडते.

आता विचार करा, हे काम कुणाला जमेल? तीस वर्षे वाजवणाऱ्याला. त्याच्या ओठांभोवतीचे स्नायू घट्ट झालेले असतात आणि कान स्वर लागण्याआधीच तो ऐकतो. तो वाद्याचा दोष नकळत ओठांनी भरून काढतो. वाकड्या वाद्यातूनही सरळ स्वर काढतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या ओठांत ती ताकद नसते. कायमचे पुढचे दात येऊन त्याला थोडाच काळ झालेला असतो. नळीकडून मिळणारा आधार हाच त्याचा एकमेव आधार. तो काढून घ्यायचा आणि वर म्हणायचे, “याला काय फरक कळतोय!” फरक त्याला शब्दांत सांगता येत नाही हे खरे, पण त्याचे ओठ तो पहिल्या दिवसापासून सोसत असतात. दुकानात वाद्य वाजवून दाखवणारा कसलेला वादक “ठीक आहे की” म्हणतो, तेव्हा तो वाद्याविषयी काहीच सांगत नसतो. त्याने ते ठीक करून वाजवलेले असते.

ही गोष्ट मोघम राहू नये म्हणून एक हिशेब मांडतो. ट्रम्पेटवाल्यांना तो ठाऊक असतो. पालकांना कुणी सांगत नाही.

नेहमीच्या, म्हणजे बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे १४८ सेंटिमीटर भरते. तीन व्हॉल्व्ह आहेत. मधला दाबला की नळीत एवढी भर पडते की स्वर अर्ध्या पट्टीने उतरतो. पहिला दाबला की पूर्ण पट्टीने, तिसरा दाबला की दीड पट्टीने. एकेकटा व्हॉल्व्ह बरोबर चालतो. घोटाळा होतो दोन-तीन एकदम दाबल्यावर. स्वर उतरवायला लागणारी वाढीव लांबी ही मूळ लांबीच्या प्रमाणात असते. एक व्हॉल्व्ह दाबून नळी लांब झाली की दुसऱ्याची ठरीव भर त्या लांब नळीला अपुरी पडते. हिशेब सोपा करून सांगायचा तर पहिल्या व्हॉल्व्हची भर १८ सेंटिमीटर आणि तिसऱ्याची २८. दोन्ही मिळून ४६. पण त्या जोडीतून जो स्वर काढायचा त्याला साडेएकोणपन्नास सेंटिमीटर लागतात. साडेतीन सेंटिमीटर नळी कमी पडली, म्हणून स्वर वर चढला. तिन्ही दाबले तर तूट सहा सेंटिमीटरांच्या वर जाते आणि स्वर जवळजवळ पाव पट्टीने, म्हणजे अर्ध्या सुरातल्या अर्ध्या अंतराने, चढतो.

आता ट्रम्पेटचा खालचा मोकळा स्वर सा धरा आणि मुलाला पहिला धडा द्या : सा रे ग म प. सा मोकळा, प मोकळा. म एका व्हॉल्व्हवर. ग पहिल्या दोन व्हॉल्व्हवर, किंचित चढा. आणि रे? पहिला आणि तिसरा. म्हणजे मुलाने शिकायच्या दुसऱ्याच स्वरात तूट साडेतीन सेंटिमीटरांची, आणि चढ सुमारे ३० सेंट, अर्ध्या सुरातले १०० सेंट धरले तर. आपल्याकडे भरताने सांगितलेली प्रमाणश्रुती सुमारे २२ सेंटांची. मुलाचा रिषभ त्याहून जास्त सरकलेला आहे, आणि आपण म्हणतो की याला फरक कळत नाही.

हा दोष जगातल्या सर्वोत्तम ट्रम्पेटमध्येही असतो. तो व्हॉल्व्ह-पद्धतीच्या गणितातच आहे. पॅरिसच्या पेरिने याने १८३९ साली आजच्या घडणीचा पिस्टन-व्हॉल्व्ह आणला तेव्हाही होता. म्हणून चांगल्या ट्रम्पेटमध्ये त्यावर उपाय केलेला असतो. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीची स्लाइड सैल, गुळगुळीत असते आणि तिला डाव्या हाताच्या बोटासाठी कडे असते. रे वाजवताना बोटाने ती पावणेदोन सेंटिमीटर बाहेर ढकलायची. दोन बाजूंना मिळून साडेतीन सेंटिमीटर नळी वाढते आणि स्वर जागेवर येतो. पुढच्या स्वराला स्लाइड परत आत. वाजवता वाजवता, क्षणार्धात. स्लाइडचे दोन्ही पाय अगदी समांतर असतील तरच हे होते. स्वस्त वाद्याला कडे असते, स्लाइडही असते, फोटोत सगळे काही दिसते; पण पाय समांतर नसतात, म्हणून ती दोन्ही हातांनी ओढली तरच हलते. वाजवताना ती नसल्यासारखीच. मग मूल काय करते? ओठ सैल सोडून रिषभ खाली ओढायला शिकते, किंवा चढा रिषभच खरा मानायला शिकते. पहिल्यात तोंडाची ठेवण बिघडते, दुसऱ्यात कान. बेसूर तानपुऱ्यावर शिष्याला षड्ज लावायला बसवणारा गुरू आपण गुरू मानणार नाही. इथे मात्र तेच करतो आणि त्याला व्यवहार म्हणतो.

व्हॉल्व्हची गोष्टही तशीच आहे. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कमी असावी लागते. फट जास्त झाली की हवा झिरपते, कमी पडली की पिस्टन अडकतो. इतके नेमके घासकाम करायला वेळ, यंत्र आणि तपासणी लागते, आणि स्वस्त वाद्यात बचत नेमकी इथेच केलेली असते, कारण ही बचत बाहेरून दिसत नाही. चांगल्या विद्यार्थी-वाद्यांत पिस्टन बहुधा मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. तो सहज गंजत नाही आणि मुलांनी तेल घालायला कंटाळा केला तरी बराच काळ तग धरतो. लहान बोटे पिस्टन सरळ दाबत नाहीत, तिरके दाबतात. चांगला पिस्टन ते खपवून घेतो. वाईट पिस्टन अडकतो, तोही नेमका शाळेच्या कार्यक्रमात.

या सगळ्याचा परिणाम वाद्यावर होत नाही, मुलावर होतो, आणि मला या विषयावर लिहावेसे वाटते ते याचसाठी. वाद्य खराब आहे हे मुलाला माहीत नसते. ते नवे आहे, आईबाबांनी हौसेने आणले आहे, सोन्यासारखे चमकते आहे. स्वर लागत नाही तेव्हा मूल एकच अर्थ काढते : मला जमत नाही. आणि सहा-आठ महिन्यांनी ट्रम्पेट कपाटावर जातो तेव्हा पूर्वपक्ष म्हणतो, “बघा, सोडलंच शेवटी, बरं झालं महाग नाही घेतला.” आपल्या चुकीने घडलेले फळ आपल्याच बाजूचा पुरावा म्हणून पुढे करणे, याला काय म्हणावे?

मोठ्या वादकांचा दाखला वेगळ्या रीतीने फसतो. मुंबईच्या चित्रपटसंगीताला ट्रम्पेटचा ठसका दिला तो गोव्यातून आलेल्या वादकांनी. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, ही नावे जाणकारांच्या ओठांवर आहेत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’चे (१९५१) संगीत चिक चॉकलेटला वगळून सांगताच येत नाही. ही पिढी कुठल्या परिस्थितीत तयार झाली? गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडून संगीतशाळा होत्या. तिथे आधी सोल्फेजिओ घोटून घेत, म्हणजे स्वरलिपी बघून स्वर अचूक गळ्यातून काढायचा. वाद्य हाती येई ते त्यानंतर. स्वर कुठे आहे हे कानात पक्के बसलेल्या मुलाला वाद्य थोडे कमी-जास्त मिळाले तरी ते ओळखता येते आणि सुधारता येते. आज आठवड्यातून एक तास शिकवणीला जाणाऱ्या आणि उरलेले सहा दिवस एकटे फुंकणाऱ्या मुलाशी त्याची तुलना कशी होईल? शिवाय मिळेल त्या वाद्यावर शिकून मोठे झालेल्यांची नावे आपल्याला माहीत असतात. त्याच वाद्यांपायी नाद सोडून दिलेल्यांची नावे कुठेच नोंदलेली नसतात. एकच हेतू दोन्ही पक्षांत आढळला तर तो ‘सव्यभिचार’, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

धरसोडीचा मुद्दा तर सरळ उलटतो. मूल सोडून देईल ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच चांगले जुने वाद्य घ्यावे. बिननावाच्या नव्या ट्रम्पेटची किंमत दुकानाच्या पायरीवरच निम्म्यावर येते आणि वर्षाने त्याला गिऱ्हाईकच उरत नाही. दुरुस्तीवाले त्याला हात लावायला नाखूश असतात. पत्रा पातळ, झाळण कच्ची, सुटा भाग कुठे मिळत नाही. नामांकित विद्यार्थी-वाद्य वापरलेले घेतले तर त्याच्या किमतीची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. दोन वर्षांनी तुम्ही ते विकाल तेव्हा घेतलेल्या किमतीच्या आसपास विकले जाण्याची चांगली शक्यता असते. खर्च म्हणजे दिलेल्या आणि परत आलेल्या पैशांतला फरक, हे घर चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्या हेतूने साध्य सिद्ध करायला निघालो तोच हेतू त्याच्या विरुद्ध बाजू सिद्ध करतो, अशा हेतूला आपल्या शास्त्रकारांनी नावच ‘विरुद्ध’ असे ठेवले आहे.

हमीविषयी फार लिहायचे कारण नाही. हमी तुटण्याची असते, बेसूर असण्याची नसते.

इथे एका गैरसमजाची वाट बंद केली पाहिजे. माझा आक्षेप देशावर नाही. चीन, तैवान, भारत, कुठल्याही नावावर फुली मारून चांगले वाद्य हाती येत नाही. तैवानच्या ज्युपिटरने विद्यार्थ्यांसाठी अनेक वर्षे नीट वाद्ये केली आहेत. इंग्लंडमधले काही विक्रेते पूर्वेकडच्या कारखान्यांतून वाद्ये करून घेतात आणि आपल्या कार्यशाळेत तपासून मगच विकतात. तीही विश्वासाची असतात. प्रश्न एवढाच की कुणीतरी जबाबदार माणसाने ते वाद्य वाजवून, मोजून पाहिले होते का. अमेरिकेत शाळाशाळांत बँड असतो. तिथले बँडशिक्षक स्वस्त बिनतपासणीच्या मालाला ‘वाद्याच्या आकाराची वस्तू’ म्हणतात, आणि काही शाळा कोणती वाद्ये आणू नयेत याची यादीच पालकांना देतात.

मेरठविषयीही मला आदराने बोलायचे आहे, कारण या वादात त्या कारागिरांवर नेहमी अन्याय होतो. मेरठमधला जली कोठीचा परिसर भारतातल्या बँडवाद्यांचे माहेर आहे. नादिर अली अँड कंपनी १८८५ पासून तिथे आहे. देशभरातल्या वरातींतली युफोनियम, सूसाफोन, ट्रम्पेट यांतली असंख्य वाद्ये तिथल्या हातांनी ठोकून घडवलेली आहेत. पुण्यात गणेशोत्सवात प्रभात किंवा दरबार बँडचे वादक रस्त्यावर उभे राहून वाजवतात तेव्हा लागते ते वेगळे वाद्य : लांबवर पोचणारे, ऊन-पाऊस आणि गर्दीचे धक्के खाणारे, गल्लीतल्या कारागिराकडे सरळ करून घेता येणारे. ते वाजवणारा माणूस मुरलेला असतो. स्वर तो ओठांनी सांभाळतो. रस्त्यासाठी योग्य असलेले हे वाद्य एकटीने पियानोबरोबर ग्रेडची परीक्षा देणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या हाती दिले तर दोष मेरठचा नाही, देणाऱ्याचा. बिगूलला व्हॉल्व्हच नसतात, म्हणून शाळेच्या पथकाचा बिगूल मात्र मेरठचा खुशाल घ्यावा.

दुसऱ्या टोकाचे मतही ऐकू येते : घ्यायचा तर सर्वांत वरच्या श्रेणीचा, नाहीतर घेऊच नये. ऐपत आहे म्हणून व्यावसायिक वादकांचा जड, मोठ्या श्वासाची अपेक्षा करणारा ट्रम्पेट मुलाच्या हातात देणे हाही त्याच्यावर भारच आहे. विद्यार्थी-वाद्य ही कमअस्सल जात नव्हे. ते वेगळ्या कामासाठी विचारपूर्वक केलेले असते : हलके, लवकर बोलणारे, मार खाणारे.

मग घ्यावे काय? यामाहाचे वायटीआर-२३२०, २३३५, २३३० हे एकामागून एक आलेले विद्यार्थी-ट्रम्पेट आहेत. शिकागोचा थोर वादक आणि वाद्यनिर्माता रेनोल्ड शिल्की १९६० च्या दशकापासून यामाहाचा सल्लागार होता, त्याचे ऋण त्या घडणीत आहे. बाखचा टीआर-३००, किंगचा ६०१, कॉनचा डायरेक्टर, कॅलिफोर्नियात घडलेला ऑल्ड्सचा अँबॅसडर, हे सगळे त्याच कुळातले. ऑल्ड्सचा कारखाना १९७९ साली बंद पडला, पण त्याचे अँबॅसडर आजही वाजताहेत. ही वाद्ये आपल्याकडे दुकानांच्या मागच्या फळीवर, गोव्यातल्या घरांत, निवृत्त वादकांकडे सापडतात. परदेशात नातेवाईक असतील तर वाट आणखी सोपी : अमेरिकेत दहा-अकरा वर्षांची मुले शाळेत बँड सुरू करतात, शाळा संपली की त्यांतली पुष्कळ थांबतात, आणि गावोगावी असे ट्रम्पेट विकायला निघतात. न्यू जर्सीहून दिवाळीला येणारा मामा त्यांतला एक पेटीसकट हातातल्या सामानात आणू शकतो.

आणि ट्रम्पेटच हवा असा हट्ट नसेल तर कॉर्नेट. हे माझे आवडते मत आहे, आणि मी ते जोर देऊन मांडतो. कॉर्नेटची नळी ट्रम्पेटइतकीच लांब, व्हॉल्व्ह तेच, बोटे तीच, स्वरलिपी तीच. फक्त नळी जास्त वेटोळली असल्यामुळे वाद्य आखूड आणि अंगाजवळ येते. लहान मुलाचे हात ट्रम्पेटच्या पुढच्या वजनाने खाली झुकतात, कॉर्नेटने झुकत नाहीत. आवाज गोड, कान न फाडणारा, आणि सदनिकेत राहणाऱ्यांना त्याचे मोल शेजारी सांगतील. ट्रम्पेटचे सगळे विद्यार्थी ज्या आर्बानच्या पद्धतीवर आजही घासून तयार होतात, ते १८६४ चे पुस्तक मुळात कॉर्नेटसाठीच लिहिलेले आहे. फॅशन गेल्यामुळे वापरलेला चांगला कॉर्नेट बऱ्याचदा तशाच ट्रम्पेटपेक्षा कमी किमतीत मिळतो. पुढे बारा-तेराव्या वर्षी मूल ट्रम्पेटवर गेले तर शिकलेले काहीही वाया जात नाही.

ट्रॉम्बोनबद्दल थोडेच : हात पुरेसा लांब नसेल तर स्लाइडची सातवी जागा गाठता येत नाही, आणि जुन्या ट्रॉम्बोनची स्लाइड जरा जरी वाकलेली असेल तरी वाद्य सोडून द्यावे. ब्रिटनमध्ये २०१० च्या सुमारास निघालेला प्लास्टिकचा पीबोन लहान मुलांसाठी खरोखर वापरण्याजोगा आहे. तो हलका आहे आणि बऱ्यापैकी सुरात आहे.

“जुन्यातले आम्हाला काय कळणार?” हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. एखाद्या वादकाला सोबत न्यावे हे उत्तम, पण त्याच्यावाचूनही पुष्कळ कळते. बेलच्या, म्हणजे भोंग्याच्या, कडेला पोचे असले किंवा लाखेचा थर उडालेला असला तर घाबरू नये; त्याने किंमत पडते, सूर फारसा पडत नाही. पण माऊथपीस बसतो तिथून निघणारी पहिली नळी नीट पाहावी. ती सर्वांत अरुंद असते, म्हणून तिथला लहान पोचाही स्वराला भोवतो. तिच्यावर गुलाबी-लालसर ठिपके दिसले तर पितळातले जस्त निघून जाऊन नळी आतून सडत आली आहे असे समजावे. नेहमीच्या पितळात सुमारे ३० टक्के जस्त असते. म्हणूनच काही कारखाने ही एक नळी जास्त तांब्याच्या पितळाची करतात. मग पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढावी, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. ‘फट्’ असा आवाज आला तर पिस्टन हवा धरून आहे. काहीच आवाज आला नाही तर हवा आधीच झिरपून आत शिरली होती, आणि पिस्टन झिजले आहेत. पिस्टन मुद्दाम तिरके दाबून पाहावेत. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड एका बोटाने आत-बाहेर जाते का, हे तर सर्वांत आधी.

जुन्यात एक सापळा मात्र खरा आहे आणि तो सांगितला नाही तर माझा पक्ष अप्रामाणिक ठरेल. ब्रिटनच्या ब्रास बँडांत १९६० च्या दशकापर्यंत ‘हाय पिच’ चालत होता : संदर्भस्वर आजच्या सेकंदाला ४४० कंपनांऐवजी सुमारे ४५२.५ कंपनांचा. असे वाद्य कितीही सुंदर असले तरी आजच्या पियानोहून ते जवळजवळ अर्ध्या सुरातल्या अर्ध्याने चढे वाजते, आणि मुख्य स्लाइड पूर्ण ओढली तरी ते धड जुळत नाही. इंग्रजांच्या काळातली वाद्ये आपल्याकडे वारशात आणि भंगारात अजून फिरतात. म्हणून फोनवरच्या ट्यूनरशी एक मोकळा स्वर जुळवून पाहिल्याशिवाय पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे विलायती वाद्य घेऊ नये. अमेरिकी जुन्या वाद्यांवर कधी ‘एलपी’ किंवा ‘एचपी’ असा ठसा असतो; एलपी म्हणजे खालचा पिच, तो आपल्या कामाचा.

आणि माऊथपीस नवा घ्यावा. ओठांना लागणारी वस्तू दुसऱ्याची नको हे तर आहेच, पण जुन्या वाद्याबरोबर येणारे माऊथपीस बहुधा आधीच्या मालकाच्या आवडीचे, फार उथळ किंवा फार रुंद असतात. सुरुवातीला यामाहाचा ११बी४ किंवा बाखचा ७सी पुरे. कॉर्नेटचा दांडा ट्रम्पेटपेक्षा बारीक असतो, तो वेगळा मागावा. सगळ्या खरेदीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक इथे पडतो.

शाळांना यातले जवळजवळ सगळे लागू पडते, किंबहुना जास्तच, कारण तिथे एका चुकीच्या खरेदीचे ओझे एकाच वेळी वीस मुलांवर पडते. अंदाजपत्रकात दहा ट्रम्पेटचे पैसे मंजूर झाले की दहा नग आलेच पाहिजेत, असा कार्यालयाचा आग्रह असतो. मी मुख्याध्यापकांना सांगेन की त्याच पैशांत वापरलेले तीन-चार कॉर्नेट आणि एक ट्रम्पेट घ्या, प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा माऊथपीस द्या, आणि मुलांना पाळीपाळीने वाजवू द्या. ज्याची पाळी नसेल त्याने नुसत्या माऊथपीसवर ओठांची थरथर घोटावी किंवा तोंडाने सा रे ग म म्हणावे. गोव्यातल्या जुन्या संगीतशाळांत मुलांना वाद्याआधी असेच गळ्याने तयार करत. वर्षअखेरीस ज्या तीन-चार मुलांचा रिषभ जागेवर बसलेला असेल, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीचे पैसे खर्च करावेत.